गुंडाळफळ्यावरच्या तीन ओळी

मी गुंडाळफळा बोलतोय. शाळेच्या भिंतीत पक्का बसवलेला फळा वेगळा. तो कायम नोकरीतला. त्याला स्वतःची भिंत असते आणि वर्षाआड काळा रंग मिळतो. मी रेक्झिनचा. वर एक लाकडी पट्टी, खाली एक, टांगायला सुतळी. काम संपलं की गुंडाळून काखेत मारायचं. सध्या मी सांगवीत एका घराच्या परसात न्हाणीला पडदा म्हणून लागलो आहे. याला बढती म्हणता येणार नाही, हे मलाही कळतं.

पण माझ्या अंगावर एकदा तीन ओळी लिहिल्या गेल्या होत्या. त्या ओळींपायी एका मुलीचं जे झालं ते सांगायला दुसरं कुणी पुढं येत नाही, म्हणून मी बोलतोय.

बारामतीतल्या एका दुकानात मी बरेच दिवस कोपऱ्यात उभा होतो. शेजारी महाराष्ट्राचा नकाशा आणि माणसाच्या पचनसंस्थेचा तक्ता. त्या दोघांना गिऱ्हाईक होतं, मला नव्हतं. चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये मानसिंग सर आले आणि मला घेऊन गेले. सर इंग्रजी हा विशेष विषय घेऊन बी.ए. झाले होते, त्यानंतर विशेष असं काही झालं नव्हतं. शाळेत जागा निघायची, पण ती निघतानाच कुणाच्या तरी भाच्याचं नाव घेऊन निघायची. म्हणून सरांनी दहावीला इंग्रजीत आपटलेल्या पोरांचा क्लास काढला. आमच्या भागात या धंद्याला मंदी नव्हती. पाचवीला ए बी सी डी सुरू होते, दहावीला गाडी अडते. मधल्या वर्षांत नेमकं काय होतं, हे कुणालाच सांगता येत नाही.

सर बारामतीहून एसटीनं निघायचे आणि मी त्यांच्या काखेत. एसटीत रोज कुणी ना कुणी विचारायचंच.

"काय हो, भजनी मंडळाचा पडदा का?"

"नाही, फळा आहे."

"कशाचा?"

"इंग्रजी शिकवायचा."

"मग जरा नीट धरा. कुणाला तरी लागंल."

क्लास आधी निमगाव केतकीत होता, एका खताच्या दुकानामागच्या खोलीत. पेरणीचे दिवस आले आणि खोलीत युरियाच्या गोणी आल्या. इंग्रजी आणि युरिया यांत गरज कशाची जास्त, याचा निकाल दुकानदारानं लगेच दिला. सर मला घेऊन बाहेर ओट्यावर बसले होते, तेव्हा महिपती आला. शेळगावचा. डोक्याला फेटा, मागं मुलगी.

"पोरगी विंग्रजीत गेली, मास्तर," तो म्हणाला. जणू विहिरीत गेली. "बाकी समद्यात बरी हाय. हिला काडा भाईर."

मुलीचं नाव संजीवनी. तिला शाळेत बाई व्हायचं होतं, हे सरांना तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. महिपतीचं म्हणणंही सरळ होतं. ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटली तर पुढं शिकवीन. नाही सुटली तर उजवून टाकीन. त्यात राग नव्हता. पावसानं ओढ दिली तर ज्वारी, नाही दिली तर बाजरी, असं बोलतात तसं तो बोलला.

क्लासला जागा नाही हे कळल्यावर त्यानंच सुचवलं, "आमचा मेंढवाडा मोकळाच पडलाय. तितं घ्या की."

महिपतीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. मग विहिरींना पाणी आलं, पाण्यामागं डाळिंब आलं, आणि चरायला रान उरलं नाही. मेंढरं विकली. मेंढवाडा तेवढा राहिला, एका बाजूला पत्रा, भोवती कूड, आणि एक लाकडी दार. आत एकही जनावर नव्हतं, तरी महिपती रोज दिवस मावळताना येऊन ते दार लावून जायचा. कडी घालून, एकदा ओढूनही बघायचा. त्याची बायको ठमाबाई म्हणायची, "आत काय हाय म्हणून लावताय?" तो म्हणायचा, "सवय हाय."

घोंगडी टांगायच्या खुंटीवर मला टांगलं. सर गेले तरी मी तिथंच राहायचो. माझ्या आयुष्यातली ती एकमेव कायम जागा.

आता शिकवण्याविषयी. सरांचं व्याकरण पक्कं होतं. बोलणं नव्हतं; पण बोर्डाच्या परीक्षेत इंग्रजी बोलावं लागत नाही, आणि ते एका अर्थी बरंच आहे, नाहीतर परीक्षकांचीही पंचाईत झाली असती. सर एक वाक्य म्हणायचे, सगळी पोरं मागं म्हणायची. आय गो, ही गोज, दे गो. महिपती दारात बसून दोर वळत ऐकायचा. एकदा म्हणाला, "एक हाललं की बाकीची त्याच्या मागं. माझीबी अशीच हुती."

वाक्प्रचारांच्या वेळी मात्र गंमत यायची. सरांनी सांगितलं की माणूस मेला हे इंग्रजीत सांगायचं तर त्यानं बादलीला लाथ मारली असं म्हणतात. गोकुळ नावाचा एक मिशा फुटलेला विद्यार्थी होता, तिसऱ्यांदा बसलेला. तो म्हणाला, "सर, शेळगावात भरल्या बादलीला लाथ मारली तर मरायला टाइम लागत न्हाय. आयच मारती."

घराण्याला काळिमा लावणाऱ्या माणसाला इंग्रजीत काळी मेंढी म्हणतात, असं सर सांगत होते तेव्हा दारातून आवाज आला.

"मास्तर, काळ्या मेंढीला काय म्हणालात?"

सरांनी अर्थ सांगितला.

"काळ्या लोकरीला रंग द्यावा लागत न्हाय. घोंगडीला तीच पायजे. लोकं काळीसाठी अडून बसायची," महिपती म्हणाला. "ह्या विंग्रजांनी मेंढरं राखल्याली दिसत न्हाईत."

संजीवनी खुदकन हसली. आबा, म्हणजे तिचे वडील, क्लासमध्ये बोलले की तिला आवडायचं. त्याच दिवशी सरांनी आणखी एक सांगितलं, की इंग्रजीत एका मेंढीला आणि शंभर मेंढ्यांना शब्द एकच. पोरांना आनंद झाला. एक रूप कमी पाठ करायचं. महिपतीचा हात दोरावर थांबला.

"मग एकादी हरवली तर कळायचं कसं?"

सरांनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. त्यात ते दिलेलं नव्हतं.

पोरं गेली की संजीवनी एकटी माझ्यापाशी राहायची. पाठ केलेलं लिहायची, पुसायची, मग स्वतःच्या मनानं लिहायची. मी अनेकांची अक्षरं अंगावर घेतली आहेत. बहुतेक जण खडू असा धरतात, जणू तो चावणार आहे. ही मुलगी पुस्तकात नसलेली वाक्यं लिहायची. आई भाकरी करते आहे. कोंबडी माझ्या पायापाशी उभी आहे. साधीच, पण तिची स्वतःची. सर एकदा अचानक आले आणि ती वाचत उभे राहिले. "तू सुटलीस," एवढंच म्हणाले. परीक्षा अजून लांब होती.

आणि श्रावण संपता संपता सांगवीचं स्थळ आलं.

बागायती घर, ऊस, भाजीपाला, दारात ट्रॅक्टर. ठमाबाई म्हणाली, बघून जायला काय लागतंय? महिपती म्हणाला, पाव्हणं दारात येतो म्हणलं तर नको कसं म्हणायचं? परीक्षेपर्यंत काही ठरवायचं नाही, हा शब्द त्यानं मुलीला दिला, आणि मला वाटतं त्या वेळी तो खराच होता.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सरांनी संजीवनीला थांबवून घेतलं. मला पुसता पुसता, माझ्याकडंच बघत म्हणाले, "हे बघ, नापास मुलीला लोक सहसा पसंत करत नाहीत. काही विचारलं तर एकच उत्तर द्यायचं. मला येत नाही. म्हण."

"मला येत न्हाय."

"पुन्हा म्हण."

"मला येत न्हाय, सर." तिला हसू येत होतं. "हे तर सगळ्यात सोपं हाय."

ही तालीम आम्हा तिघांतच राहिली. चौथ्या माणसाला सांगायला हवं होतं. ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पाहुण्यांना बसवायला मेंढवाड्याइतकी ऐसपैस जागा नव्हती. जमीन सारवली, जाजम टाकलं, ठमाबाईनं मला खुंटीवरून काढून कोपऱ्यात गुंडाळून ठेवलं. नवऱ्या मुलाचे चुलते बापूसाहेब मध्ये बसले, सोसायटीच्या सभेत बसतात तसे. नवरा मुलगा नागेश त्यांच्या आडोशाला. तोही दहावी नापास होता, आणि एका विषयात नव्हे. पण त्याला कुणी काही विचारलं नाही. तो नवरा होता. सर आले नव्हते. मुलगी बघायच्या कार्यक्रमात क्लासच्या मास्तरचं काम काय?

पोहे झाले. संजीवनी खाली मान घालून बसली.

"नाव काय, बाळ?"

"संजीवनी."

"शिकतीस का?"

"धाव्वीला हाय," ठमाबाई मधेच म्हणाली.

"हाय मंजी? परीक्षा तर मार्चातच झाली की."

"इंग्रजीत नापास," संजीवनीनं स्वच्छ सांगितलं.

बापूसाहेब पोट हलवून हसले. "मग आमच्या घरात कोण पास हाय! मंजी इंग्रजी येत न्हाय म्हण की."

तिनं मान वर केली. मला दिसत होतं, ओठांवर ते वाक्य आलं होतं. "मला..." एवढं ती म्हणालीसुद्धा.

"येतं की!" महिपती उठून उभा राहिला. तीन महिने दारात बसून जे ऐकलं ते सगळं त्याच्या छातीत भरलं होतं. "येत कसं न्हाय? मास्तरपरास जास्त येतं. थांबा, दावतो."

आणि त्यानं मला कोपऱ्यातून उचलून खुंटीवर टांगलं. आयुष्यात त्यानं मला हात लावला तो पहिल्यांदा. अक्षरओळख नाही, खालची पट्टी वर घेतली, वरची खाली गेली. वरच्या कोपऱ्यात सरांनी रंगानं काढलेली ए बी सी डी खाली डोकं वर पाय झाली.

पाहुण्यांत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "पाव्हणं, मेंढरू सोलाय टांगावं तसं टांगलं की!" पुन्हा हशा. नागेशही हसला. महिपतीला काय चुकलं ते कळेना. तो माझ्याकडं बघायचा, पाहुण्यांकडं बघायचा, आणि तोंडावर हसू तसंच धरून उभा होता.

संजीवनी उठली. वडिलांच्या हातातून सुतळी घेतली, मला सुलटं टांगलं. मग खडू उचलला आणि इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. अक्षर वळणदार, एकही खाडाखोड नाही.

हशा थांबला. "काय लिवलंस?" बापूसाहेबांनी विचारलं.

तिनं एकेका ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगितलं.

"माझ्या वडलांनी मेंढरं विकली. त्यांना दर मेंढीचं नाव अजून पाठ आहे. रिकाम्या मेंढवाड्याचं दार ते अजून रोज लावतात."

महिपतीनं त्या दाराकडं बघितलं आणि फेट्याचा शेव डोळ्याला लावला. हे कुणी लिहून ठेवण्यासारखं आहे, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

बापूसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "पोरगी आमची झाली! आमच्या नातवंडांना आता क्लास नको. हाय का सुपारी?"

सुपारी होती. आमच्याकडं ती नेहमी असतेच. महिपती म्हणाला, "परीक्षेचं तेवढं..." बापूसाहेब म्हणाले, "देऊ की परीक्षा! आमी काय नको म्हणतोय?" आणि त्या आनंदाच्या भरात, मुलीला दिलेल्या शब्दासकट, सुपारी फुटली. त्या दिवशी एकट्या संजीवनीच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. खडूचा तुकडा तिच्या मुठीत तसाच होता.

त्या तीन ओळी महिपतीनं पुसू दिल्या नाहीत. "तेवढं ठेवा, मास्तर." सर त्यांच्या खाली उरलेल्या जागेत शिकवायचे. संध्याकाळी दार लावायला आला की महिपती माझ्यासमोर उभा राहायचा. मेंढरं हा शब्द कुठला ते त्यानं मुलीकडून विचारून घेतलं होतं. त्यावर बोट न लावता, नुसतं जवळ नेऊन बघायचा.

संजीवनी अभ्यास करत राहिली. तिचा शब्दावर विश्वास होता. वाक्यं शिकणाऱ्यांचा असतो. मग सांगवीहून निरोप आला. लग्नाचा बस्ता बारामतीला बांधायचा, कापडवाला बापूसाहेबांच्या ओळखीतला, दिवस त्यांनी ठरवला. तो नेमका इंग्रजीच्या पेपरचा दिवस निघाला.

महिपती सांगवीला जाऊन आला. मेंढवाड्यात बसून त्यानं बायकोला सांगितलं ते मी ऐकलं.

"काय म्हणालं?"

"म्हणालं, आमच्या परीक्षेत पास झाली की. आता सरकारची कशाला?"

"मग तुमी काय म्हणलात?"

पोरीकडच्या माणसानं सुपारी फुटल्यावर काय म्हणायचं असतं?

त्या सकाळी जीप आली. केंद्र इंदापूरला होतं, जीप बारामतीकडं वळली. जाण्याआधी संजीवनी आत आली होती. माझ्यासमोर उभी राहिली. पुसायचं फडकं उचललं, पुन्हा ठेवलं आणि गेली.

सर दुसऱ्या दिवशी आले. घंटा होईपर्यंत ते इंदापूरला केंद्राच्या फाटकाशी उभे होते म्हणे, येणारी प्रत्येक एसटी बघत. महिपती समोर आला तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"महिपतराव, 'मला येत नाही' असं म्हण म्हणून मी तिला शिकवलं होतं."

महिपतीला अर्थ लागायला वेळ लागला. मग त्यानं फेटा काढून हातात घेतला.

"मला कुणी सांगितलं न्हाय, मास्तर." आणि पुढं म्हणाला, "सांगितलं असतं तर मीबी म्हणलो असतो. येत न्हाय म्हणून. मोठ्यांदा म्हणलो असतो."

सर मला न घेताच गेले. पुढं ते एका कारखान्यात वजनकाट्यावर लागले असं ऐकलं. तिथं इंग्रजी लागत नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ हिचं. रुखवतात शेवया, कुरडया, कपबश्या, लोकरीची बाहुली. आणि सगळ्यांच्या मागं मी. महिपतीनं हट्टानं मला मांडलं होतं, ओळींवर प्लास्टिकचा कागद लावून. बायका विचारायच्या, हे काय? तो सांगायचा, माझ्या पोरीनं लिवलंय. सांगवीला निघताना मात्र जीपमध्ये जागा नव्हती, मला गुंडाळलं. गुंडाळलं की अक्षरं एकमेकांच्या अंगाला लागतात. सांगवीत उलगडलं तेव्हा पांढरा धुरळा उरला होता. जावेनं ओल्या फडक्यानं तोही पुसला. तिचा दोष नाही. तिला तो धुरळाच होता.

पहिली दोन वर्षं मी ओसरीत होतो. संजीवनी बापूसाहेबांच्या नातवंडांना शिकवायची. मग ती नातवंडं बारामतीच्या इंग्रजी शाळेत गेली, टाय घालून. एक दिवस धाकटा म्हणाला, "काकू, असं नाही म्हणत. तुझं गावठी आहे." सगळे कौतुकानं हसले. ती पण हसली. दुसऱ्या दिवसापासून मला उलगडलं नाही. पुढं न्हाणीला पडदा हवा होता, रेक्झिन पाण्याला टिकतं. वरच्या पट्टीला दोन खिळे मारले आणि माझी नेमणूक झाली.

एक गोष्ट या घरात कुणाला माहीत नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी ती अंघोळीला येते. मला ओढून घेते. बादलीत बोट बुडवते आणि माझ्या आतल्या अंगावर लिहिते. पाण्याची अक्षरं, इंग्रजी. कधी कालचा दिवस, कधी शिव्या, कधी नुसतं स्वतःचं नाव. पण बहुतेक वेळा त्याच तीन ओळी. तिसरी लिहून होईपर्यंत पहिली वाळलेली असते. ती बाहेर जाते तेव्हा मी कोरा असतो.

परवा महिपती आला होता. फेटा तोच, माणूस निम्मा. पिशवीत डाळिंबं. पाय धुवायला न्हाणीपाशी आला आणि मला बघून थबकला. कोपऱ्यातली रंगाची ए बी सी डी अजून आहे. त्यानं मला त्यावरून ओळखलं.

"ह्यो तर... आपला फळा."

"व्हय, आबा. पाणी लई उडतं हितं. पडदा पायजे हुता."

त्यानं ओला तळवा माझ्यावरून फिरवला. "ती अक्षरं?"

"गेली."

"बरं, गेली तर गेली. पुन्ना लिव की, बाय. ते मेंढरांचं." त्यानं आजूबाजूला बघितलं. चुलाण्यातला विझलेला कोळसा उचलून तिच्यापुढं धरला. "एकदा लिव. मला बघायचंय."

त्याच दिवशी सकाळी ती ओळ माझ्या अंगावर होती. एकही चूक नव्हती.

संजीवनीनं कोळसा घेतला. माझ्याकडं बघितलं. मग तो परत चुलाण्यात टाकला.

"मला येत न्हाय, आबा," ती म्हणाली. "समदं इसरलं."

सरांनी शिकवलं होतं तसंच. आवाज न हलवता, खाली न बघता. पाच वर्षं उशीर, तेवढाच.

ती खोटं का बोलली ते मला कळलं. येतंय म्हटलं असतं तर त्याला कळलं असतं की त्या दिवशी हरवलेलं अजून जिवंत आहे. विसरली म्हणजे विषय मिटला. म्हाताऱ्याला घरी जाऊन झोप लागली पाहिजे.

"इसरलीस व्हय," महिपती म्हणाला. "मग बरं हाय." त्याला बरं वाटलं की नाही, हे मला सांगता येणार नाही. निघताना तो पुन्हा न्हाणीपाशी आला. आत कुणी नव्हतं. तरी त्यानं मला या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट ओढून घेतलं, सुतळी खिळ्याला अडकवली, आणि एकदा ओढून बघितलं.

आता इथं फरशीची नवी न्हाणी होणार आहे, लोखंडी दाराची. मला माझ्या जागेचा मोह नाही. मला ट्रॅक्टरवर टाका, ज्वारीखाली अंथरा, चुलाण्यात घाला. रेक्झिनचा धूर तेवढा वाईट येतो, ते सहन करा. विनंती एकच. मला काढाल तेव्हा दुपारी काढा. सकाळी नको. सकाळी आत एक मुलगी पेपर लिहीत असते.